हरलेल्या डावाचे परीक्षण आणि मुक्त संगणक-आज्ञावली

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



बुद्धिबळाचा डाव संपताच शाळेतील मुले बहुधा एकच गोष्ट करतात. सोंगट्या भराभर गोळा करून नव्या डावासाठी पुन्हा पट मांडतात. जिंकणाऱ्यास आपण का जिंकलो हे ठाऊक नसते आणि हरणाऱ्यास आपण कोठे चुकलो याचा पत्ता नसतो. ‘वजीर गेला म्हणून हरलो’ एवढेच तो सांगतो; परंतु वजीर का गेला, डाव नेमका कोणत्या चालीपासून घसरू लागला, याचा विचार होत नाही. अर्धा तास खर्ची घालून मुलाने आपल्या विचारांचा जो लेख पटावर लिहिलेला असतो, तो वाचण्यापूर्वीच पुसला जातो. अशा रीतीने मुलगा शंभर डाव खेळला, तरी त्याचा खेळ पहिल्या दहा डावांनंतर जेथे होता तेथेच राहण्याचा संभव असतो.

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. या यशाचे कौतुक शाळाशाळांतून व्हावे हे उचितच आहे. परंतु कौतुकाबरोबर अशा खेळाडूंच्या अभ्यासाची पद्धतीही मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे. त्या पद्धतीचा गाभा म्हणजे स्वतःच्या खेळलेल्या डावांचे, विशेषतः हरलेल्या डावांचे, शांतपणे केलेले परीक्षण होय.

जुनी पद्धत आणि नवे साधन

ही पद्धत संगणकाहून जुनी आहे. १९४८ साली जगज्जेते झालेले सोव्हिएत खेळाडू मिखाईल बोतविन्निक हे विद्युत-अभियंते होते. खेळाडूने आपल्या डावांचे परीक्षण स्वतः करावे व ते प्रसिद्ध करावे, असा त्यांचा आग्रह होता. प्रसिद्ध केल्याने इतर लोक त्यातील उणिवा दाखवितात आणि स्वतःविषयी पक्षपात करण्याची मनुष्याची सवय मोडते, असे त्यामागील तत्त्व होते. पुढे जगज्जेते झालेले कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे तिघेही त्यांच्या बुद्धिबळ-शाळेत शिकलेले होते.

खेड्यातील विद्यार्थ्यास मात्र असा टीकाकार कोठून मिळावा? शिक्षकास सोंगट्यांच्या चाली येतात. परंतु चाळीस चालींच्या डावात पहिली चूक कोठे झाली हे सांगण्याइतका खेळाचा व्यासंग प्रत्येकाचा असतोच असे नाही. ही उणीव आता एका विनामूल्य साधनाने भरून निघण्याजोगी झाली आहे.

बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची कल्पना फार जुनी आहे. इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग यांनी अशी आज्ञावली संगणक सर्वत्र होण्यापूर्वीच कागदावर लिहिली होती. १९५२ साली त्यांनी स्वतःच यंत्राची भूमिका घेऊन, प्रत्येक चालीचा हिशेब हाताने करीत, एका सहकाऱ्याशी डाव खेळला. त्या डावात कागदावरील यंत्र हरले. पुढे १९९७ साली न्यूयॉर्क येथे ‘डीप ब्ल्यू’ या संगणकाने तत्कालीन जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांचा सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी पराभव केला. तो संगणक दर सेकंदास सुमारे २० कोटी पटस्थिती तपासीत असे व त्यासाठी खास यंत्रसामग्री बनवावी लागली होती. आज साध्या मोबाईलवर चालणारी आज्ञावली कोणत्याही मनुष्यापेक्षा सरस खेळते.

या आज्ञावलीचे नाव ‘स्टॉकफिश’ असे आहे. नॉर्वेचे टोर्ड रोमस्टाड यांच्या ‘ग्लाउरुंग’ या पूर्वीच्या आज्ञावलीवरून इटलीचे मार्को कोस्टाल्बा यांनी ती २००८ साली सिद्ध केली. फिनलंडचे योना कीस्की हेही तिच्या पहिल्या रचनाकारांपैकी आहेत. स्टॉकफिश म्हणजे वाळविलेला मासा. हा मासा नॉर्वेत वाळविला जातो आणि इटलीत शिजविला जातो, अशा विनोदातून हे नाव आले. ही आज्ञावली ‘मुक्त-स्रोत’ आहे. म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणासही पाहता येतो, अभ्यासता येतो, त्यात सुधारणा करता येते आणि तो दुसऱ्यास देता येतो. जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकाचा मोकळा वेळ देऊन तिच्यातील प्रत्येक सुधारणा हजारो डावांत पारखून घेतात. ज्ञान वाटल्याने वाढते, या आपल्याकडील जुन्या समजुतीचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

यंत्र काय करते व काय करीत नाही

शिक्षकाने साधन हाती घेण्यापूर्वी त्याची मर्यादा ओळखावी. डावाच्या आरंभी पांढऱ्यास २० चाली उपलब्ध असतात व काळ्यासही २०. म्हणजे दोघांची एकेक चाल होताच ४०० शक्यता होतात. दोघांच्या दोन-दोन चालींनंतर हा आकडा १,९७,२८१ होतो. यंत्र या फांद्याफांद्यांच्या वृक्षात पुढे पुढे पाहते, निरुपयोगी फांद्या छाटते आणि उरलेल्या स्थितींना गुण देते. २०२० सालापासून हे गुण देण्यासाठी स्टॉकफिशमध्ये असंख्य पटस्थितींवरून शिकविलेल्या एका गणिती जाळ्याचा उपयोग केला जातो.

पडद्यावर दिसते ते एवढेच : एक आकडा आणि चालींची एक रांग. आकडा अधिक असेल तर पांढऱ्याची बाजू बरी, उणे असेल तर काळ्याची. पूर्वी हा आकडा प्याद्यांच्या मोलात वाचला जाई. स्टॉकफिशच्या २०२२ अखेरच्या आवृत्तीपासून अधिक एक याचा अर्थ, पांढऱ्याने तो डाव जिंकण्याची शक्यता निम्मी, असा धरला जातो. म्हणून त्या आकड्याचा मोजून मापून अर्थ लावीत बसू नये. तो एकाएकी कोठे उडी घेतो, एवढेच पाहावे.

ती चाल वाईट का, हे यंत्र सांगत नाही. येथेच शिक्षकाचे काम सुरू होते. एखाद्या मुलाने ५०३ मधून २७८ वजा करून ३७५ हे उत्तर लिहिले, तर वहीवर फुली मारणे सोपे आहे. परंतु त्या फुलीने मूल काही शिकत नाही. प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्या अंकातून वजा करण्याची त्यास सवय लागली आहे, हे शिक्षकाच्या ध्यानी आले म्हणजेच खरी दुरुस्ती होते. यंत्राचा आकडा हा त्या फुलीसारखा आहे. फुली अचूक असली तरी ती केवळ फुली होय.

एक उदाहरण

अठराव्या शतकात पॅरिस येथे लेगाल नावाचे एक नामांकित खेळाडू होऊन गेले. प्रसिद्ध खेळाडू फिलिदोर यांचे ते गुरू. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी मात नवशिक्या मुलांच्या डावात आजही घडू शकते. पटावरील उभ्या रांगांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे व आडव्या रांगांना १ ते ८ अंक धरले, तर तिचा एक प्रकार असा लिहिता येतो :

१. प्यादे ई४, प्यादे ई५. २. घोडा एफ३, प्यादे डी६. ३. उंट सी४, उंट जी४. ४. घोडा सी३, प्यादे जी६. ५. घोड्याने ई५ वरील प्यादे मारले, काळ्याच्या उंटाने डी१ वरील वजीर मारला. ६. उंटाने एफ७ वरील प्यादे मारून शह, राजा ई७. ७. घोडा डी५, मात.

काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या मुलास विचारले की, ‘तू कोठे चुकलास?’, तर तो म्हणेल, ‘राजा पुढे आणला तेथे.’ वास्तविक त्या शहास तेवढीच एक चाल शक्य होती. तेव्हा त्या चालीस दोष देता येत नाही. हा डाव यंत्रावर चढविला असता दिसते की, काळ्याने वजीर मारताक्षणीच पांढऱ्याची दोन चालींत मात ठरलेली आहे. म्हणजे ज्या चालीने मूल आनंदाने टाळी वाजविते, तीच डाव घालविणारी चाल होय. त्या जागी डी६ वरील प्याद्याने तो घोडा मारला असता, तर पांढऱ्याच्या वजिराने जी४ वरील उंट घेतला असता आणि काळ्याचे एका प्याद्यावर निभावले असते.

आणखी एक चाल मागे जावे. काळ्याने चौथ्या चालीस जी६ हे प्यादे न हलविता बी८ वरील घोडा सी६ वर आणला असता, तर काय झाले असते? मुलाने ही चाल पटावर बदलून पाहावी. आता पांढऱ्याने तशाच आवेशाने ई५ वरील प्यादे घोड्याने मारले, तर सी६ वरील घोडा तो घोडा मारतो व ई५ वर उभा राहून जी४ वरील उंटासही आधार देतो. पांढऱ्याची तीच युक्ती आता फसते आणि त्याचा घोडा फुकट जातो. एका घोड्याच्या जागेने सारा न्याय उलटा झाला.

या एका डावातून मुलास तीन गोष्टी मिळतात. पराभव जेथे दिसतो तेथे चूक असतेच असे नाही. लोभाची चाल खेळण्यापूर्वी प्रतिपक्षाची सर्वांत कठोर चाल शोधावी. आणि सोंगट्या वेळेवर बाहेर आणणे हाच पुष्कळ संकटांवर उपाय आहे. यांपैकी एकही वाक्य यंत्राने उच्चारलेले नाही. ती तिन्ही मुलाने, शिक्षकाच्या प्रश्नांच्या आधाराने, आपल्या तोंडून म्हणावयाची आहेत.

परीक्षणाचा क्रम

या कामाचा क्रम चुकला तर लाभाऐवजी हानी होते. तो पुढीलप्रमाणे असावा.

पहिली पायरी लेखनाची. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या डावाच्या चाली वहीत लिहिण्याची सवय लावावी. आरंभी मुले चुकतात व कंटाळतात; म्हणून पहिल्या आठवड्यात केवळ दहा चालींपर्यंत लेखन पुरे. स्पर्धेतील दीर्घ डावांत चाली लिहिणे नियमानेच आवश्यक असते, तेव्हा ही सवय पुढेही उपयोगी पडते.

दुसरी पायरी यंत्राविना विचाराची. डाव झाल्यावर त्याच दिवशी मुलाने वहीत तीन ठिकाणी खूण करावी : आपणास अडचण वाटली ती चाल, प्रतिपक्ष चुकला असे वाटले ती चाल, आणि डाव हातचा गेला असे वाटले ती चाल. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहावे. ही पायरी वगळून थेट यंत्राकडे जाणे म्हणजे उदाहरण न सोडविता पुस्तकाच्या शेवटचे उत्तर पाहणे होय.

तिसरी पायरी डाव यंत्रावर भरण्याची. ‘लिचेस’ या संकेतस्थळावर परीक्षणाचा पट विनामूल्य उपलब्ध आहे. फ्रान्समधील थिबो द्युप्लेसी यांनी ते २०१० साली सुरू केले. ते ना-नफा तत्त्वावर, जाहिरातींविना व देणग्यांवर चालते आणि त्याचाही मूळ मजकूर मुक्त आहे. जेथे इंटरनेट वारंवार तुटते, तेथे अँड्रॉइड मोबाईलवरील ‘ड्रॉइडफिश’ ही मुक्त आज्ञावली सोयीची. एकदा उतरवून घेतली की तिच्यातील स्टॉकफिश इंटरनेटविना चालते. डाव भरताना यंत्राचे मूल्यमापन बंद ठेवावे व मुलाने आपल्या तीन खुणा पुन्हा एकदा पाहाव्यात.

चौथी पायरी तुलनेची. आता मूल्यमापन सुरू करून पहिल्या चालीपासून पुढे जावे आणि आकडा जेथे प्रथम मोठी उडी घेतो तेथे थांबावे. बारीकसारीक चढउतार सोडून द्यावेत. मुलाची खूण व यंत्राची खूण एकाच ठिकाणी आली, तर त्याचे निरीक्षण चांगले. निराळ्या ठिकाणी आली, तर शिकण्याची खरी जागा तीच.

पाचवी पायरी कारणाची. यंत्राने सुचविलेली चाल पाहून समाधान मानू नये. मुलाने आपली मूळ चाल पुन्हा पटावर खेळावी, त्यावर यंत्राचे उत्तर पाहावे, आणि नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत पुढे जावे. त्यानंतर यंत्राची चाल खेळून, तिला आपणास सुचणारी प्रत्येक हरकत घेऊन पाहावी. ‘ही चाल बरी, कारण…’ हे वाक्य मुलास स्वतःच्या शब्दांत पुरे करता आले म्हणजे पायरी पूर्ण झाली. दहा वर्षांच्या मुलास ते पुरे करता येत नसेल, तर ती चाल त्याच्यासाठी नव्हे असे समजून पुढे जावे. यंत्राची सर्वोत्तम चाल ही कधी कधी पंधरा चालींनंतरच्या लाभासाठी असते.

सहावी पायरी नोंदीची. डावाखाली बोधाचे एकच वाक्य लिहावे. दहा डाव झाले की ती दहा वाक्ये एकत्र वाचावीत. कोणी प्रतिपक्षाची चाल न पाहता खेळतो, कोणी वजीर फार लवकर बाहेर काढतो, कोणी जिंकत आलेला डाव घाईने घालवितो. आपल्या चुकांची जात ज्यास कळली, त्याने अर्धी वाट चालून झाली असे समजावे.

एका मोबाईलवर वर्ग

चाळीस मुले व शिक्षकाचा एक मोबाईल, अशी पुष्कळ शाळांची स्थिती असते. तीही या कामास पुरेशी आहे. आठवड्यातून एक डाव निवडावा. फळ्यावर खडूने पट काढून किंवा पुठ्ठ्याच्या सोंगट्या लावून तो सर्वांसमोर खेळून दाखवावा. मोबाईल शिक्षकाच्या हाती राहावा. निर्णायक जागी थांबून वर्गास विचारावे : ‘येथे काळ्याने काय करावे?’ मुलांच्या सूचना फळ्यावर लिहून घ्याव्यात, त्यांवर वाद होऊ द्यावा, आणि सर्वांत शेवटी यंत्राचा निर्णय सांगावा. निर्णय जितका उशिरा येईल तितका विचार अधिक होईल. डाव निवडताना ज्याचा तो आहे त्या मुलाची संमती घ्यावी, आणि पहिल्या काही आठवड्यांत शिक्षकाने स्वतःचाच हरलेला डाव वर्गापुढे ठेवावा. गुरुजींचीही चूक फळ्यावर येते हे पाहिल्यावर मुलांची भीती पुष्कळ कमी होते.

काही सावधगिरीच्या सूचना

खेळ चालू असताना यंत्राचा सल्ला घेणे ही लबाडी होय, हे मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसारही डाव चालू असता खेळाडूने मोबाईल वा तत्सम साधन जवळ बाळगण्यास मनाई आहे. डाव संपेपर्यंत यंत्र मिटलेले आणि डाव संपल्यावर उघडलेले, ही सीमा मुलाच्या मनात पक्की झाली, तर तो धडा बुद्धिबळापुरता राहणार नाही.

यंत्र अचूकतेची टक्केवारी दाखविते. तिच्यावरून मुलांचे क्रम लावू नयेत. सोप्या डावात टक्केवारी आपोआप वाढते व गुंतागुंतीच्या डावात धाडसी मुलाची ती घटते. क्रम लावल्यास मुले धाडस सोडून देतील. तसेच संकेतस्थळावर डाव भरताना मुलांची पूर्ण नावे, शाळा वा छायाचित्रे देऊ नयेत. ‘पहिला खेळाडू’, ‘दुसरा खेळाडू’ एवढे पुरे. आणि एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक काळ पडद्यापुढे घालविण्याचे कारण नाही. बाकीचे काम वही व पटावर होते.

यंत्रास मुलाची ओळख नसते, ही गोष्टही विसरू नये. ती चुकीची चाल खेळताना मूल भुकेले होते, मोठ्या मुलासमोर घाबरलेले होते, की शेतातील कामाने थकून आलेले होते, हे आकड्यात उमटत नाही. ते ओळखणे शिक्षकाचे काम आहे आणि ते दुसऱ्या कोणासही जमणार नाही.

उपसंहार

बुद्धिबळात तरबेज होणारी मुले थोडीच निघतील. परंतु चुकणे प्रत्येकाच्या वाट्याला येते. चूक झाली की ती झाकावी, नशिबावर ढकलावी किंवा दुसऱ्याच्या माथी मारावी, ही मनुष्याची सहज प्रवृत्ती आहे. शाळेत मूल खोडरबराने चूक पुसते व मोठेपणी सबबींनी. आपल्या हातून झालेली गोष्ट पुन्हा पटावर मांडावी, न रागावता तिच्याकडे पाहावे, चुकीची पहिली जागा शोधावी आणि तेथून पुढे निराळे कसे वागता आले असते हे तपासावे, ही सवय लहान वयात लागली तर तिचा उपयोग गणिताच्या वहीत होईल, निबंधात होईल आणि पुढे घरसंसारातही होईल. हरलेल्या डावाची वही जपून ठेवणारे मूल हरण्यास भीत नाही. अशी एक वही प्रत्येक शाळेत, निदान एका विद्यार्थ्याच्या दप्तरात, येत्या सत्रापासून सुरू व्हावी.